शिक्षक गटात टाका

"हे नाव कुणाचं, बेटा?"

परीक्षकांचं बोट स्क्रीनला टेकलं होतं. माझा कोड जिथून सुरू होतो त्याच्याही वर, फिकट राखाडी अक्षरांत काहीतरी होतं. मी वाकून वाचलं. इंग्रजीत 'ऑथर' आणि त्याच्यापुढे 'भामरे सर'.

"आमचे कॉम्प्युटरचे सर आहेत ते," मी म्हणाले.

"म्हणजे हे त्यांनी लिहिलंय."

"छे! मी लिहिलंय. सगळंच्या सगळं."

"मग लेखक म्हणून त्यांचं नाव कसं?"

आता काय सांगणार? मला खरंच माहीत नव्हतं. माझ्याच फाइलीत, माझ्याच कोडच्या डोक्यावर दुसऱ्याचं नाव चढून बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता. माझी मैत्रीण आणि प्रकल्पातली जोडीदार फिरदोस शेजारून माझ्या बरगडीत कोपर ढोसत होती. "बोल ना गं, बोल ना!" काय बोलू, कपाळ?

त्या वर्षी तालुका विज्ञान प्रदर्शन आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये भरलं होतं. मी नववीत होते. आता बारावीत आहे आणि माझा आवाज आधीपेक्षा फार वाढलाय असं आई म्हणते. पण ते स्क्रीनवरचं बोट आठवलं की अजून माझे कान तापतात. आधी मी काय बनवलं होतं ते सांगते, म्हणजे तुमचेही तापतील.

आमच्या सावरगावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. कधी येणार ते कुणीच सांगत नाही. आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते. आज येईल असं वाटून ती काम बुडवून घरी थांबली की नळ दिवसभर नुसता फुसफुसतो. दुसऱ्या दिवशी ती खळ्यावर गेली की भर दुपारी धो धो. ती घाईघाईने येईपर्यंत बंद! हे बघत मी मोठी झाले.

त्या वर्षी मे महिन्यात नाशिकला मावशीकडे गेले होते. माझी मावसबहीण दीपालीताई तिकडे इंजिनिअरिंगला आहे. तिच्या मांडीला मांडी लावून बसून मी जावा शिकले. जावा म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची एक भाषा. एका दुपारी मी विचारलं, "ताई, हे सर्व्हिस सर्व्हिस काय करतेस सारखं?"

"अगं, साधा प्रोग्राम आपलं काम करतो आणि निघून जातो. सर्व्हिस जात नाही. कान टवकारून बसून राहते. कुणी काही विचारलं की उत्तर देते, की पुन्हा कान टवकारून बसते."

"एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखी?"

"हो. पण ही चहाला जात नाही."

मी त्याच मिनिटाला ठरवलं. आपण गल्लीचं नाव टाकायचं आणि हिने सांगायचं, पाणी कधी येणार.

शाळेच्या लॅबमध्ये आयडीई होतं. म्हणजे कोड लिहायचा, चालवायचा, कुठे चुकलं ते लाल नागमोडी रेघेने दाखवायचं, असं सगळं एकाच खिडकीत करणारं सॉफ्टवेअर. मधल्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाला भामरे सर मला लॅबची किल्ली द्यायचे. "जाताना पंखा बंद कर गं," एवढंच म्हणायचे. जावा त्यांना येत नव्हती. ते तसं सरळ सांगायचे, "मी आपला टायपिंग आणि एक्सेलवाला माणूस. तू बघ तुझं." मला ते फार आवडायचे. हे मुद्दाम सांगतेय.

आयडीईमध्ये नवा प्रोजेक्ट घ्यायचा, नवा क्लास घ्यायचा, त्याला नाव द्यायचं आणि 'फिनिश' दाबायचं. फाइल उघडली की मी थेट खालच्या महिरपी कंसात उडी मारायचे. पहिल्यांदा सर्व्हिस चालवली तर लाल अक्षरांचा नुसता पूर आला. या दारात आधीच कुणीतरी बसलंय, असं त्याचं म्हणणं. मीच बसले होते! आधीची बंद न करता दुसरी सुरू केली होती. फिरदोस हसून हसून खुर्चीवरून घसरली.

पण ती नुसती हसली नाही. तिने गावातल्या प्रत्येक गल्लीतली एकेक पोरगी पकडली. नळ आला की शाळेत येऊन फिरदोसला सांगायचं, विसरलं तर खैर नाही. त्या सगळ्या वारांवरून माझी सर्व्हिस पुढचा अंदाज काढायची. आम्ही पहिलं नाव टाकलं तांबोळी गल्ली, म्हणजे फिरदोसचीच. पांढऱ्या पानावर उत्तर आलं, 'गुरुवार, दुपारनंतर.' आणि गुरुवारी दुपारी फिरदोसची अम्मी हंडा घेऊन उभी होती तेव्हा नळ आला. मी रस्त्यात नाचले. खोटं नाही सांगत, नाचले.

आता तुम्हीच सांगा, त्यात भामरे सर कुठे आले?

तर हॉलमध्ये. परीक्षक होते पॉलिटेक्निकचे सोनजे सर. भला माणूस, हळू बोलणारा. त्यांनी भामरे सरांना हाक मारून बोलावून घेतलं. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता एका वाक्यात काम होईल.

"सर, हा कोड तुम्ही लिहिलाय का?"

भामरे सरांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका ठोके मॅडम काठापदराची साडी सावरत तिथे आल्या आणि सरांच्या बाजूला उभ्या राहिल्या. सर म्हणाले,

"नाही, म्हणजे... मुलांना मार्गदर्शन तर करावंच लागतं ना सर."

मार्गदर्शन! पंखा बंद कर, हे मार्गदर्शन!

"सर, सांगा ना त्यांना," मी म्हणाले. "तुम्हाला माहितीये ना."

"जागृती, मोठी माणसं बोलताहेत ना," ठोके मॅडम म्हणाल्या.

सोनजे सरांनी मान हलवली. "बघा मॅडम, काम उत्तम आहे. पण नववीच्या मुलीच्या नावावर मी हे घेऊ शकत नाही, फाइलीवर शिक्षकांचं नाव असताना. तुमच्या शाळेची शिक्षक गटात नोंद आहे का?"

विज्ञान प्रदर्शनात पोरांचा एक गट असतो आणि शिक्षकांचा वेगळा. शिक्षकांनी केलेल्या वस्तू शिक्षक गटात.

"नाही हो. आमच्याकडून कुणी भागच घेतला नाही यंदा," मॅडम म्हणाल्या.

"मग हे शिक्षक गटात टाका. भामरे सरांच्या नावाने. तिथे आज दुसरं काही विशेष नाहीये, जिल्ह्याला सहज जाईल."

मॅडमचा चेहरा असा उजळला! "वा! का हो भामरे सर?"

आणि भामरे सर म्हणाले, "बघा. तुम्ही म्हणाल तसं."

सकाळी संस्थेचे चेअरमन आले होते, त्यांनीही आपल्या गल्लीचं पाणी विचारलं होतं आणि उत्तर वाचून सरांच्या पाठीवर थाप मारली होती. "कमाल केलीत भामरे! पुढच्या महिन्यात तुमच्या कायम होण्याचं बघू." सर तासिकेवर होते, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि नोकरीचा भरवसा नाही. तेव्हाही मी वाट बघितली होती, सर आता सांगतील, आता सांगतील. नाही सांगितलं. मी मनात म्हटलं, गडबडीत राहिलं असेल. आता काही गडबड नव्हती. आता तर तीन मोठी माणसं माझ्यासमोर उभी राहून, अगदी गोड आवाजात, माझी वस्तू माझ्या हातातून काढून दुसऱ्याच्या हातात ठेवत होती. चोर निदान पळतो तरी!

डोळ्यांत पाणी यायला लागलं. मला रडायचं नव्हतं. राग आला की मला आधी रडू येतं, आणि मग लोकांना वाटतं ही दुःखी आहे. मी दुःखी नव्हते हो, मी पेटले होते.

तेवढ्यात फिरदोस कानाशी आली. "ए जागृती. ते नाव माझ्या फाइलीत पण आहे."

"कुठल्या फाइलीत?"

"अगं ती सातच्या पाढ्याची. तू मला लिहायला लावलीस ती. त्यातही वर भामरे सर लिहिलंय. मला वाटलं, असतंच तसं."

मी तिच्याकडे बघितलं. मग लॅबमधून उचलून आणलेल्या त्या कॉम्प्युटरकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"सर!" मी ओरडलेच. सोनजे सर पुढच्या टेबलाकडे वळले होते. "सर, दोन मिनिटं!"

"बेटा, अजून पुष्कळ टेबलं बाकी आहेत."

"मी फक्त एक नवीन फाइल उघडते. तुम्हीच नाव सांगा. तुमच्या आवडीची कुठलीही सर्व्हिस."

ते थांबले. बहुतेक दया येऊन. "बरं. वीज. वीज कधी जाणार, ते सांगणारी."

आजूबाजूची पोरं फिदीफिदी हसली. बाकीच्या टेबलांवरचीही वळून बघायला लागली. ज्वालामुखीवाले, ठिबक सिंचनवाले, सगळे.

मी माऊस धरला. राइट क्लिक, नवा क्लास, नाव 'वीजसेवा', फिनिश. आणि मी दोन्ही हात वर केले, पोलिसांनी पकडल्यासारखे, म्हणजे की-बोर्डला बोटसुद्धा लागायला नको.

फाइल उघडली. महिरपी कंसात काही नाही. सगळं कोरं. आणि कोऱ्याच्या वर, फिकट राखाडी अक्षरांत: ऑथर, भामरे सर.

"सर," मी विचारलं, "ही वीजसेवापण भामरे सरांनीच लिहिली का? हिच्यात तर अजून काहीच नाहीये."

सोनजे सरांनी चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनवर नाक टेकेल इतकं वाकले.

"या कॉम्प्युटरवर लॉगिन कुणाचं आहे?"

"लॅबमधल्या सगळ्यांवर भामरे सरांचंच आहे," फिरदोस म्हणाली. "पोरं पासवर्ड विसरतात म्हणून सरांनी सगळीकडे स्वतःचंच टाकलंय."

"आणि हे सॉफ्टवेअर ज्याच्या नावाने कॉम्प्युटर उघडलाय त्यालाच लेखक समजतं," मी म्हणाले. "फाइल उघडली रे उघडली, की त्याचं नाव. कुणी काही लिहायच्या आधीच!"

"म्हणजे आमच्या सातच्या पाढ्याचेपण लेखक भामरे सरच," फिरदोसने पुढे जोडलं. हॉलमध्ये असा हशा पिकला की ज्वालामुखीवाल्याचा लाव्हा सांडला.

सोनजे सर हसले नाहीत. ते भामरे सरांकडे वळले. "लॉगिन तुमचं आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो, म्हणजे... मशिनं मीच लावलीत ना."

"मग मगाशी का नाही बोललात?"

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि स्क्रीन पुसायला लागले. स्क्रीन स्वच्छ होती.

"बेटा," सोनजे सर मला म्हणाले, "वीजसेवा अर्धी ठेवू नकोस. पूर्ण कर."

मी खुर्चीत बसले. पत्ता कुठला ते लिहिलं, विचारलं की काय परत पाठवायचं ते लिहिलं, चालवली. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला. पांढऱ्या पानावर उत्तर आलं, 'वीज कधीही जाईल.'

या वेळी सोनजे सरही हसले. त्यांनी पेन काढून विद्यार्थी गटात आम्हा दोघींची नावं लिहिली आणि पुढे 'जिल्ह्यासाठी निवड' असं.

इथे संपायला हवं होतं ना? नाही संपलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर शिपाईकाका आले. "बागूल, ऑफिसात. तुझ्या आईला पण फोन गेलाय."

ऑफिसात ठोके मॅडम टेबलामागे आणि भामरे सर बाजूच्या खुर्चीत, मान खाली घालून. आई थेट खळ्यावरून आली होती. डोक्याला रुमाल तसाच, कांद्याची टरफलं पदराला चिकटलेली. तिला दाराजवळची खुर्ची दिली.

"तुमच्या मुलीने आज सरांचा भर हॉलमध्ये अपमान केला," मॅडम म्हणाल्या.

आई माझ्याकडे बघायला लागली. "काय बोललीस गं?"

"काही नाही."

"मॅडम, काय बोलली ही?"

"बोलली म्हणजे... तसं काही बोलली नाही," मॅडम जरा अडखळल्या. "तिने सगळ्यांसमोर कॉम्प्युटरवर फाइल उघडली."

"काय होतं त्या फाइलीत?"

"काही नव्हतं. कोरी होती."

आई विचार करत होती. मग तिने अगदी मनापासून विचारलं, "मग कोरी फाइल उघडली तर सरांचा अपमान कसा झाला?"

मॅडमनी टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "विषय तो नाही, ताई. मोठ्यांसमोर कसं वागावं हा विषय आहे. जिल्ह्याला जाणाऱ्या फॉर्मवर माझी सही लागते. जागृतीने सरांची माफी मागावी, मी सही करते. आपला साधा हिशोब."

"कशाची माफी?" माझा आवाज फाटला. "माझं काम सरांच्या नावावर टाकत होतात तुम्ही! आणि माफी मी मागायची?"

"बघा, बघा हिचा सूर!"

"जाऊ द्या मॅडम," भामरे सर खालच्या आवाजात म्हणाले. "लहान आहे. मी काही मनावर घेतलेलं नाही."

अहो, काय सांगू! शिक्षक गटाचा राग त्यापुढे काहीच नव्हता. सरांनी मला माफ केलं होतं! तेही मोठ्या मनाने!

"सर, मला तुमची माफी नकोय," मी म्हणाले. "तुम्ही एक वाक्य बोला. हे जागृतीने केलंय, असं. मला दुसरं काही नको."

"जागृती!" मॅडम ओरडल्या.

सर खिडकीबाहेर बघत राहिले. एकदा त्यांनी मॅडमकडे बघितलं, जणू त्या काही बोलतील आणि यातून सुटका होईल. मग ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "हे जागृतीने केलंय."

"सर, जरा मोठ्यानं बोला ना," आई दाराजवळून म्हणाली. "इकडे मागे ऐकू नाही आलं."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच ऐकू आलं नव्हतं. पण सरांचा चेहरा लालबुंद झाला. ते खुर्चीत सरळ झाले, घसा साफ केला आणि वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाले,

"हे सगळं जागृती बागूलने केलंय. मी नाही."

'मी नाही' हे मी मागितलंसुद्धा नव्हतं.

मॅडमनी फॉर्म पुढे ओढला, सही केली आणि माझ्याकडे सरकवला. "झालं आता समाधान?"

हो म्हणायचं होतं. आईने डोळ्यांनी खुणावलंही, चल म्हणून. फॉर्म माझ्या हातात होता, जिल्हा माझ्या हातात होता. पण जीभ काही ऐकेना.

"नाही, मॅडम. सर गप्प राहिले तेव्हा समोर भरलेला हॉल होता. आणि आत्ता बोलले ते आपण चौघांनीच ऐकलं."

"आता काय सरांनी दवंडी पिटायची?"

मी मॅडमकडे नाही, सरांकडे बघत उभी राहिले. बाहेर हॉलमधून माईक तपासल्याचा आवाज येत होता, हॅलो, हॅलो, वन, टू. समारोपाची तयारी चालली होती.

भामरे सर उठले. खुर्ची नीट आत सरकवली. त्यांच्या कायम होण्याचं पुढच्या महिन्यात बघणारे चेअरमन तिकडे स्टेजवर पहिल्या खुर्चीत बसणार होते, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"चल," ते म्हणाले.

ते पुढे, मी मागे आणि माझ्या मागे पदराची टरफलं झटकत आई. हॉलच्या दारापर्यंत मी रागातच चालले. सर स्टेजवर चढून माईकसमोर बोलेपर्यंत राग सोडायचा नाही असं मी ठरवलं होतं. ते चढले. बोलले. चेअरमनकडे बघून तेच वाक्य बोलले, 'मी नाही'सकट.

मी तरी राग लगेच सोडला नाही.